टेकलेल्या पालखीचा माग

पिठाच्या गोळ्यापायी मी शिमग्याला कोकणात गेले, असं सांगितलं तर आमच्या कराडच्या घरी अजून कोणी विश्वास ठेवत नाही. पण गोष्ट खरी आहे. पुण्यातल्या ऑफिसात माझं काम एकच: व्हिडिओत हलणाऱ्या वस्तूचा माग काढणारा प्रोग्रॅम लिहायचा. वस्तू कॅरमच्या सोंगटीसारखी असेल तर काम सोपं, कारण सोंगटी कुठेही घरंगळली तरी सोंगटीच दिसते. आमच्या नशिबी आलं ते बेकरीतलं पीठ मळायचं मशीन. त्यातला गोळा ताणतो, दुमडतो, शेजारच्या गोळ्याला चिकटतो, आणि प्रोग्रॅमने मात्र दर क्षणी त्याच्याभोवती रेघ आखून 'हा तोच' असं म्हणत राहायचं.

यात एक जुनीच गोची आहे. गोळ्याचं पहिलं चित्र घट्ट धरून ठेवलं तर तो जरा ताणला गेला की प्रोग्रॅम म्हणतो, हा तो नव्हे. बरं, दर क्षणी चित्र नवं करत गेलं तर तो हळूहळू वाहवत जातो आणि केव्हा शेजारच्या गोळ्याला आपला म्हणायला लागला ते त्याचं त्यालाही कळत नाही. किती लक्षात ठेवायचं आणि किती सोडून द्यायचं, यावर आमची मीटिंगांवर मीटिंगा होतात.

हे प्रोग्रॅम मोडून दाखवायचं काम संजयचं. संगमेश्वर तालुक्यातला, सडसडीत, पगार घेऊन लोकांच्या चुका काढणारा आनंदी प्राणी. एकदा डबा खाताना तो म्हणाला, "ताई, गोळ्याचा माग काढता, तसा माझ्या वडिलांचा काढाल का?"

मला वाटलं, वडील घर सोडून गेले.

वडील घरीच होते. झालं होतं ते वेगळंच. शिमग्यात त्यांच्याकडे ग्रामदेवता पालखीत बसून देवळाबाहेर येते आणि गावकरी तिला खांद्यावर घेऊन ढोलाच्या तालावर नाचवतात. पालखी डुलते, गरगर फिरते, पण नाचताना ती जमिनीला लागता कामा नये. गेल्या वर्षी मळ्यातल्या एका बांधापाशी ती लागली. पुढच्या दांड्याला उजव्या अंगाला संजयचे वडील होते, दत्ताराम तात्या. तो खांदा त्यांच्या तरुणपणापासून त्यांचा. गावचे मानकरी भिकाजी गावकर म्हणाले, दत्तारामाचा गुडघा गेला. तात्या म्हणाले, माझा पाय हलला नाही. एवढ्यावर दोन जन्मभराच्या मित्रांचं बोलणं बंद झालं. यंदा होमाच्या, म्हणजे होळी पेटवायच्या, आदल्या दिवशी गावाची बैठक बसणार होती आणि तात्यांचा खांदा राहतो की जातो, हे तिथे ठरणार होतं.

"वर्षभर देवळावरनं जात नाहीत," संजय म्हणाला. "दुकानात जायचं तरी शेतातनं वळसा."

त्या प्रसंगाचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ संजयकडे होता. मी तिथेच पाहिला आणि कपाळाला हात लावला. गावाच्या मुंबई मंडळाने त्या वर्षी अख्ख्या गावाला एकाच भगव्या रंगाचे टी-शर्ट वाटले होते. पाठीवर मंडळाचं नाव, डोक्यावर सारख्या टोप्या, त्यात गुलाल. आमच्या बेकरीतले गोळे यापेक्षा एकमेकांपासून वेगळे दिसतात.

"तात्यांना चालता-वाकताना सगळ्या बाजूंनी शूट करावं लागेल," मी म्हणाले. "प्रोग्रॅमला माणूस ओळखीचा करून द्यावा लागतो."

"मग चला ना. पुरणपोळी आहे."

घाट उतरताना

कराडला आईकडे मुक्काम करून आम्ही पाटणवरून कुंभार्ली घाटाला लागलो. आमच्या बाजूचं कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पलीकडे जातं आणि पोफळीला वीज करून कोकणात उतरतं, हे शाळेत पाठ केलं होतं. आपणही आज त्याच वाटेने खाली चाललोय याची मला उगाच गंमत वाटली. घाटाच्या तोंडाशी हवा कोरडी खट्ट होती. पोफळीला काच खाली केली तर गाडीत ओलसर, उबदार वारा शिरला आणि माझे केस फुगून बसले.

आमच्याकडे होळी म्हणजे एक संध्याकाळ. पोळी खायची, बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागायचं. इथे चिपळूणपासूनच रस्त्याला मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती. "गणपतीला एक वेळ रजा नाही मिळाली तर माणूस गप्प बसतो," संजय म्हणाला, "शिमग्याला नाही मिळाली तर नोकरी सोडतो." मला वाटलं थट्टा करतोय. पुढे गावात नोकरी सोडून आलेला एक गृहस्थ भेटला. चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नाव नव्हतं.

संगमेश्वरला नदी ओलांडून आम्ही आत वळलो. रस्ता संपतो तिथे गाडी सोडायची आणि पाखाडी उतरायची. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ती जिन्यासारखी सरळ नसते, झाडं आणि कुंपणं जशी वाट देतील तशी वळते. तात्या आम्हाला घ्यायला वर आले होते. उंच, काटक, पांढऱ्या मिशा, गळ्यात पंचा. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगलाच खाली उतरलेला. दांड्याने त्याला वर्षानुवर्षं तसं घडवलं होतं.

"ये बाय, ये. दमलीस काय?" म्हणत त्यांनी माझी बॅग माझ्या हातून काढून घेतली.

उतरताना ते पायरीला आडवे होत होते आणि डावा हात गुडघ्यावर ठेवत होते. माझी नजर तिथे गेलेली संजयने पाहिली आणि तो आंब्याच्या मोहोराबद्दल बोलायला लागला.

काजूचा चीक

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना अंगणात फिरवलं, वाकवलं, पाठमोरं उभं केलं. ते नवरदेवासारखे लाजत होते. "आता हसू का?" असं त्यांनी दर वेळी विचारलं. माझ्या कामाबद्दल त्यांना एकच शंका होती.

"ह्या मशीनला मी म्हातारा झालो तरी वळखू येन काय?"

"सावकाश म्हातारे झालात तर येईल," मी म्हणाले. "एकदम झालात तर नाही."

हे त्यांना फार आवडलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते सांगत होते.

दुपारी काकू, म्हणजे संजयची आई, ओले काजू सोलत बसल्या होत्या. पाहुणीने नुसतं बसून राहू नये म्हणून मीही विळी ओढली. काकू ओरडल्या, "गो बाय, हाताला राख लाव आधी!" पण तोवर मी डझनभर काजू चिरून बसले होते. काजूच्या सालीतला चीक किती जहाल असतो ते कराडच्या माणसाला काय ठाऊक? संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची टोकं भाजल्यासारखी झाली आणि कातडी सुटायला लागली. ओल्या काजूगरांची ती उसळ, तांदळाची भाकरी आणि वर कोकमाचं सार, असं मी चमच्याने जेवले, आणि तरीही सांगते, त्या उसळीसाठी दहाच्या दहा बोटं गेली तरी चालतील.

मात्र लॅपटॉपला हात लावणं शक्य नव्हतं. म्हणून बैठकीच्या दिवशी सकाळी मी बाजूला बसून सांगायची आणि संजयने बटणं दाबायची असं ठरलं. हे असं झालं नसतं तर बरं, असं मला नंतर वाटलं.

प्रोग्रॅम सुरू केला. तात्यांभोवती हिरवी रेघ उमटली. ते नाचत होते, वाकत होते, दुसऱ्याच्या आड जात होते, आणि रेघ रबरासारखी ताणत, आक्रसत त्यांना धरून होती. गुलाल उधळला. पालखी कलली. रेघ जराशी थरथरली आणि परत स्थिर झाली. तिच्या आत एक माणूस ताठ उभा होता. त्याच्या शेजारी कोणीतरी खाली बसलेलं होतं.

"आये!" संजयने हाक मारली. "इकडे ये! तात्या उभे होते!"

काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि पडद्याकडे बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मी म्हणाले, "आता उलटा चालव."

हे आमच्या कामातलं साधं पथ्य आहे. व्हिडिओच्या शेवटी माणूस नक्की कुठे आहे ते माहीत असेल तर तिथून मागे मागे यायचं. पुढून गेलेली रेघ आणि मागून आलेली रेघ एकाच माणसावर भेटली तर निकाल खरा धरायचा. या व्हिडिओच्या शेवटी तात्या कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे होते, पंचाने तोंड पुसत. संशयाला जागाच नव्हती.

"कशाला पण? दिसलं ना," संजय म्हणाला.

"चालव."

मागून आलेली रेघ गुलालात शिरली आणि बाहेर पडली ती खाली बसलेल्या माणसावर.

मग आम्ही एकेक चित्र थांबवून पाहिलं. प्रोग्रॅम गुलालात चुकला होता, एका भगव्या पाठीवरून दुसऱ्या भगव्या पाठीवर गेला होता. तात्यांचा डावा गुडघा वळला, देह घडी पडल्यासारखा खाली गेला, उतरलेला उजवा खांदा आणखी उतरला, दांडा मातीला लागला, आणि दुसऱ्याच क्षणी ते परत उभे होते. इतकं चटकन, की आपण बसलो होतो हे माणसाच्या स्वतःच्या लक्षात राहू नये. काकू आत गेल्या.

"ताई," संजय हळू आवाजात म्हणाला, "आपण पहिलंच दाखवूया. कोणाला काय कळणार आहे?"

मला त्याचा राग आला नाही. माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. कुठल्या गावच्या कुठल्या पालखीचा दांडा, आणि मी कोण निवाडा करणारी? पण तात्या उभे ठरले तर खाली बसलेला माणूस दुसरा कोणीतरी ठरणार होता. रेघ ज्याच्यावर उडी मारून गेली होती तो संजयचा चुलतभाऊ होता, आणि तो आता मुंबईहून येऊन अंगणात मुलांना पिचकाऱ्या भरून देत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवून संजयला म्हणाले, "मग टेकवली ती ह्याने, असं ठरेल." त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

तात्यांना दाखवायचं, आणि गावाच्या आधी दाखवायचं, एवढं आम्ही ठरवलं.

पडवीत

तात्यांनी पडवीत बसून ते पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. स्वतःला असं पाठमोरं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"ह्यो मी?"

"होय."

"एवढा वाकलोय मी? उभ्यानं पण?"

प्रोग्रॅममध्ये चूक असू शकते, अंधुक आहे, असं मी काहीबाही सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"चूक नाय. पाय माजाच हाय, मला वळखता येतो. बाय, मी खोटा नाय बोललो गो. मला खरंच कळला नाय." मग लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "मनातला दत्ताराम उभाच व्हता."

मी घरातून पाणी आणायच्या निमित्ताने उठले, कारण माझे डोळे भरून आले होते.

बैठक देवळापुढे भरली. बाया एका बाजूला बसल्या होत्या, त्यांच्यात मी. भिकाजी गावकर बोलायला उभे राहिले. बुटके, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी घसा साफ केला तोच तात्या उठले. वर्षभरात पहिल्यांदा ते देवळाच्या आवारात आले होते.

"भिकाजी, बस. पालखी माज्याच गुडघ्यानं टेकली. ह्या पाहुणीनं मला दाखवलान. तू बोलत व्हतास ता खरा व्हता. माजा खांदा दुसऱ्या कुणाला द्या."

ज्याच्यावर जिंकायचं म्हणून वर्षभर तयारी केली तो माणूस असा आपणहून समोर उभा राहिला की जिंकणाऱ्याची पंचाईत होते. भिकाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खांदा देऊ," ते म्हणाले. "पन मग यंदाची खूण तू घालायची."

बायकांमध्ये कुजबुज झाली. मी शेजारी बसलेल्या संजयच्या आईकडे, काकूंकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं ते असं: होमानंतर मळ्यात एक नारळ जमिनीत पुरतात, आणि पालखी तो शोधते. खांदेकऱ्यांना जागा ठाऊक नसते. पालखी जिकडे ओढेल तिकडे ते जातात आणि ती अडून राहील तिथे खणतात. नारळ पुरणारा माणूस खांदेकरी असून चालत नाही. म्हणून तात्यांनी आयुष्यभर खूण शोधली होती, घातली कधीच नव्हती.

तात्या म्हणाले, "घालतो."

खूण

होम पेटला, पोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तात्या नारळ घेऊन एकटे मळ्यात गेले. गावाने मळ्याकडची दारं लावून घेतली होती. शेजाऱ्याचं काय शिजतंय ते तीन घरं ओलांडून ओळखणारं हे गाव, पण त्या वेळी एकाही खिडकीतून कोणी डोकावलं नाही. मी कॅमेरा घेऊन आत बसले होते. काकूंनी मलाही भिंतीकडे तोंड करून बसायला लावलं.

ऊन चढल्यावर पालखी मळ्यात आली. भाताचे वाळके खुंट पायाखाली चुरत होते, ढोल घुमत होता. दांड्याला तात्यांच्या जागी तो चुलतभाऊ होता. मी बांधावर उभी राहून शूट करत होते. भगवे टी-शर्ट यंदाही होतेच.

तात्या लांब आंब्याखाली उभे होते, मळ्याकडे पाठ करून. मी संजयला विचारलं, "बघत का नाहीत?"

"तोंडावरनं जागा कळेल म्हणून. खूण घालणाऱ्याने बघायचं नसतं."

पालखी विहिरीकडे गेली. थांबली, डुलली, मागे फिरली. आंब्याच्या दिशेने निघाली आणि पुन्हा वळली. खांदेकऱ्यांचे चेहरे घामाने निथळत होते. मी कॅमेऱ्यात पालखी आणि लांबवरची तात्यांची पाठ, दोन्ही धरून ठेवली होती. ढोलाच्या दर ठोक्याला तो उतरलेला उजवा खांदा किंचित खाली जात होता आणि वर येत होता. दांडा नव्हता, पण खांद्याला ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग पालखी एकदम पूर्वेच्या बांधाकडे धावत सुटली. लोक बाजूला झाले. बांधापाशी येऊन ती अडली. पुढे जाईना, मागे हटेना, नुसती जागच्या जागी घुमत राहिली. तिचा पुढचा दांडा हळूहळू खाली वाकला आणि मातीपासून वीतभर अंतरावर थांबला.

ती जागा मी ओळखली. व्हिडिओत मी ती इतक्या वेळा थांबवून पाहिली होती की तिथला दगडन् दगड मला पाठ होता. गेल्या वर्षी पालखी टेकली होती ती हीच जागा.

भिकाजींनी स्वतः गुडघ्यावर बसून माती उकरली. नारळ वर आला. मळाभर आरोळी उठली, आणि तात्या तरीही पाठ करूनच उभे होते. भिकाजी नारळ घेऊन तसेच मातीच्या हातांनी आंब्याखाली गेले आणि त्यांनी तात्यांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं.

"तितंच घातलास?" भिकाजींनी विचारलं.

"तिला जागा आठवत व्हती काय ता बगायचा व्हता," तात्या म्हणाले. दोघंही म्हातारे मग मळ्यात सगळ्यांसमोर रडले.

दुपारी सामान बांधताना संजयने मला हळूच विचारलं. शूटिंगमध्ये पालखी आहे आणि तात्यांचा खांदाही आहे. दोघांचा माग काढला तर आधी कोण हललं, पालखी की खांदा, म्हणजे जागा तिची तिला सापडली की खांदेकऱ्यांना तात्यांच्या खांद्यावरून कळली, हे समजेल ना? समजेल. काम अवघड नाही, एका संध्याकाळचं आहे. मी म्हणाले, बघू.

निघायच्या आधी तात्या पडवीत आले आणि लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट दाखवत संकोचून म्हणाले, "बाय, समद्या गावानं बगितलान. मी पाठ करून व्हतो. ती वाकली कशी, वाईच दाव मला."

मी लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम लावला नाही, रेघ आखली नाही, नुसता व्हिडिओ लावला. माझ्या बोटांची साल अजून निघत होती, पण ते बटण मीच दाबलं. पालखी धावत बांधाकडे आली, घुमली आणि वाकायला लागली. तात्या बाकावर हात टेकून उठले. पालखीचा दांडा मातीजवळ पोचला, तशी त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उजवा खांदा खाली घातला, तिला आधार द्यायला.